लाल लेस्टर, हिरवं बडोदं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी निघालेल्या मुलांच्या पालकांसाठी कालच्या पुरवणीत आलेला लेख आणि कोणतं शहर गुन्ह्यांच्या बाबतीत धोक्याचं (लाल) आणि कोणतं सुरक्षित (हिरवं) हे दाखवणारा त्याखालचा रंगीत तक्ता पाहिला. हेतू चांगलाच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण तो तक्ता छापायच्या आधी आपल्याकडे कोणी वाचला होता का, हे कळेल का? माझ्या बहिणीच्या घरी काल सकाळपासून त्यावरून जे चाललं आहे, त्याचं बिल खरं तर आपल्या कार्यालयाकडेच पाठवायला हवं.

भाचीला इंग्लंडात लेस्टरला प्रवेश मिळालाय, खोलीचं डिपॉझिट भरून झालंय. तक्त्यात लेस्टर लाल. झालं! बहिणीच्या यजमानांनी तिथल्या पोलिसांचा नकाशा उघडला, खोलीचा पोस्टकोड टाकला आणि ठिपके मोजायला बसले. रस्त्यागणिक गुन्हे दर महिन्याला नकाशावर टाकतात, हे त्या पोलिसांचं कौतुकच. पण कोणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून ठिपका नेमक्या जागी ठेवतच नाहीत. जवळच्या एखाद्या ठरलेल्या बिंदूवर तो सरकवतात आणि आजूबाजूच्या सगळ्या तक्रारी त्या एकाच बिंदूवर साचतात. शिवाय ‘हिंसा व लैंगिक गुन्हे’ हा रकाना एकच. त्यात डोकं फोडणाराही आला आणि नुसता अंगावर धावून जाणाराही. लेखात यातलं अक्षर नाही. आता यजमान म्हणतात, डिपॉझिट बुडालं तर बुडू दे. मुलगी दार लावून बसली आहे.

आणि त्याच तक्त्यात आपलं बडोदं हिरवंगार!

मग माझ्या फोनचं काय झालं, तेही एकदा छापा. गेल्या पावसाळ्यात सूरसागर तलावाच्या कडेने घरी येत होते. मागून बाइकवर दोघे आले आणि मागच्याने हातातला फोन ओढला. अंगठीत अडकून बोटाची सालं निघाली. चौकीत गेले. टेबलावरच्या भाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, वागायला अगदी सज्जन. म्हणाले, ‘चीलझडप लखशो तो कोर्टना धक्का थशे, मासी. खोवाई गयो लखी आपो ने.’ म्हणजे, हिसकावला असं लिहाल तर कोर्टाचे खेटे पडतील, मावशी, हरवला असं लिहून द्या ना. मी बोट पुढे केलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि हळद लावायला सांगितलं. नवीन सिमकार्डासाठी शिक्क्याचा कागद हवा होता, आणि तो हवा तर फोन ‘हरवला’ असायला हवा. ‘जाणवाजोग’, म्हणजे गुन्हा न नोंदवता नुसती माहितीसाठी नोंद झाली, शिक्का बसला, सिम मिळालं. फोन अर्थातच नाही. घरबसल्या ई-एफआयआर, म्हणजे ऑनलाइन फिर्याद, का नाही केली, असं नंतर चारजणांनी विचारलं. कशावरून करायची? फोनच तर गेला होता ना!

1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी स्वतंत्र कलम आहे, 304. कलम आहे, पण लिहून घेणारा हवा. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या संध्याकाळी सूरसागरपाशी गुन्हा घडलेलाच नाही. आमच्याच वाड्यात अशी ‘हरवलेली’ आणखी दोन मंगळसूत्रं आहेत. अशी बेरीज करून बडोदं हिरवं होणार नाही तर काय होणार?

बरं, हा हिरवा रंग आणला कुठून? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात महानगरांचे वेगळे तक्ते असतात, 2011 च्या जनगणनेत 20 लाखांवर गेलेल्या 19 शहरांचे. त्यात अहमदाबाद आहे, सुरत आहे, बडोदं नाहीच. तेव्हा तळाशी बारीक अक्षरात छापलेलं वाचलं, भिंग लावून. ‘रात्री एकटं फिरायला भीती वाटते का’ असले प्रश्न विचारून वाटेल त्याच्याकडून उत्तरं गोळा करणारी ती वेबसाइट! म्हणजे अलकापुरीसारख्या आमच्या उच्चभ्रू वस्तीत एसी लावून बसलेल्या कोणीतरी ‘नाही’वर बोट ठेवलं आणि आपण ते आकडेवारी म्हणून छापलंत. गुन्हे वाढणं वेगळं आणि नोंदी वाढणं वेगळं, असं तो सरकारी अहवालसुद्धा वाचणाऱ्याला बजावतो. आपल्या लेखकाला त्याची गरज वाटली नाही.

आपल्या लेखात जर्मनीतल्या फ्रँकफर्टलाही फटके बसले आहेत. तिथल्या विमानतळावर जे गुन्हे पकडले जातात ते शहराच्या खात्यावर चढतात आणि माणशी दर काढताना भागायला मात्र फक्त तिथे राहणारी माणसं घेतात. प्रवाशांचा त्या भागाकारात पत्ताच नसतो. आठवीतल्या मुलालाही कळेल, यात गडबड कुठे आहे.

खरोखर उपयोगाचं काही द्यायचं होतं, तर अमेरिकेचं द्यायचं. 1990 च्या क्लेरी कायद्याने तिथल्या बहुतेक सगळ्या कॉलेजांना आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचे मागच्या तीन वर्षांचे आकडे दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावेच लागतात. कॉलेजचं नाव टाकून कोणीही वाचू शकतो. आमच्या बडोद्यातून दर वर्षी किती मुलं तिकडे जातात! त्यांच्या आईबापांना याचा पत्ता नाही आणि आपल्या पुरवणीत त्याला जागा नाही. शेजारच्या अर्ध्या पानावर व्हिसा करून देणाऱ्यांची जाहिरात होती, तिला बरी जागा सापडली.

त्या तक्त्याचा खुलासा उद्याच्या अंकात पहिल्या पानावर यावा. निदान बहिणीच्या यजमानांना दाखवता येईल. माझ्या तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही, छापलेल्यावर आहे.

जाता जाता, गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही. उभा शब्द क्रमांक सात हा पाच अक्षरी दिलाय आणि चौकटी चारच आहेत.

कळावे,
दांडिया बाजारातील एक वाचक, बडोदे
(नाव छापू नये. चौकी घराजवळच आहे.)