रविवारचं कॅन्टीन शूट : सगळ्यांनी वाचा

पहिल्या वर्षाच्या मंडळींनो, संवादाच्या सीनचा सराव या रविवारी कॅन्टीनमध्ये. सकाळी ७ ला हजर, पहिला शॉट ८ ला. ११ ला कॅन्टीनवाल्या मामांना जागा रिकामी करून द्यायची आहे, तेव्हा उशीर चालणार नाही.

कॅमेरा : सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. शटर भलतंच ठेवलं की ट्यूबलाइट फुटेजमध्ये लुकलुकते. मागच्या वेळचं अर्धं काम त्यातच गेलं. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवायचं सेटिंग) ऑटोवर नको.

साउंड : पंखे बंद, फ्रिजही बंद. ज्याने फ्रिज बंद केला त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली आत दुधाशेजारी ठेवायची. मग चालू करायला विसरून घरी जाताच येत नाही! (दूध नासलं तर मामांसमोर मी उभा राहणार नाही.) शेवटी ३० सेकंद रूम टोन (सगळे गप्प असताना जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा), तेव्हा चपलेचाही आवाज नको.

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. कोणीही.

येणार नसाल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा. पोह्यांचे ३० रुपये सुटे आणा.