सौर पॅनेल: आधी सावली मोजा

संपादक महोदय,

छतावर सौर पॅनेल बसवावीत का, हे ठरवण्यासाठी मी बारा महिन्यांची वीजबिले तपासली. मग सुट्टीच्या दिवशी दर तासाला वर जाऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीची कड खडूने आखली. तीननंतर निम्मी जागा सावलीत! एका साखळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर जरी सावली पडली, तरी साऱ्या साखळीची वीज घटू शकते. विक्रेता मात्र पॅनेलच्या 25 वर्षांच्या आयुष्याबद्दलच बोलत राहिला. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बहुधा 10-15 वर्षांत बदलावा लागतो, तो खर्च त्याने धरलाच नव्हता. शिवाय ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते, हे ग्राहकाला आधीच सांगायला नको का? टाकी हलवून मी पॅनेल बसवणार आहे.

– एक वाचक