पाचवा की सातवा?

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, तेव्हा पाचव्यात उरकून घेऊ, असं तुझ्या सासूबाई म्हणतात ना? विषम महिन्याची रीत अजिबात मोडू नकोस. फक्त महिने नीट मोज. पाचवा चालू असतो तेव्हा बाळाचे चारच महिने पुरे झालेले असतात. सहा पुरे झाले की लगेच सातवा लागतो, आणि सातवाही विषमच. म्हणजे रीत राहिली आणि डॉक्टर सांगतात ते निव्वळ अंगावरच्या दुधाचे 180 दिवसही भरले. असंच सांग त्यांना, वादाचं कारण उरणार नाही.

त्या काही मनाचं सांगत नाहीत. त्यांच्या वेळी चार महिने पुरे झाले की सुरू करायला सांगायचे. जागतिक आरोग्य सभेने निव्वळ अंगावरच्या दुधाची मुदत सहा महिने केली ती 2001 साली. डब्याच्या बाळदुधाच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या आपल्याकडच्या 1992 च्या कायद्यातही बाळअन्न म्हणजे 'चार महिन्यांनंतरचं' असं होतं, त्याचे सहा झाले 2003 च्या दुरुस्तीत.

आता तुझी खरी अडचण. 26 आठवड्यांच्या रजेतले चार तू बाळंतपणाआधीच घेतलेस. उरले 22. म्हणजे तू कामावर जाशील तेव्हा ओवी 154 दिवसांची असेल आणि 180 ला 26 दिवस कमी पडतील. प्रश्न या 26 दिवसांचा आहे, आणि त्याला उत्तर दूध काढून ठेवणं हे आहे, लापशी नव्हे. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून रोज सकाळी, पहिल्या पाजण्यानंतर, एकदा काढायची सवय कर. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास राहतं, पण उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नकोस. फ्रिजमध्ये, दारात नाही तर आत मागच्या बाजूला, 24 तास निर्धास्त. वर चढलेली साय हलक्या हाताने हलवून एकजीव कर, आणि कोमट करायचं ते गरम पाण्यात वाटी ठेवून, गॅसवर नाही. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही.

ओवी भुकेली आहे असं सगळ्यांना वाटतं, कारण ती मुठी चोखते आणि रात्री पुन्हा उठायला लागली आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात झोपेची घडी बदलते, त्यामुळे मुलं उठतात. मुठी तर सगळीच चोखतात. त्यावरून काही ठरवू नकोस. बघायचं ते हे: मांडीवर थोडा आधार देऊन बसवली तर मान ताठ राहते का? तुमच्या ताटाकडे हात टाकते का, घास जवळ आला की तोंड उघडते का? आणि चमच्याच्या टोकाने काही लावलं तर जीभ ते बाहेर ढकलते की आत घेते? जीभ ढकलत असेल तर घशाची तयारी नाही. ही लक्षणं साधारण सहा महिन्यांच्या आसपासच एकत्र दिसतात. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गणित वेगळं असतं, ओवीला ते लागू नाही. वजनाकडे बघून डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं तर मात्र त्यांचं ऐक.)

घाई केली तर काय होतं? दोन चमचे पेजेनं पोट भरतं, बाळ तेवढं कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी येतं. शिवाय वाटी, पाणी, हात यांतून जुलाबाला वाट मिळते. उन्हाळा असला तरी तोवर वरचं पाणी नको. अंगावरच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. गुटी उगाळणं नको, आणि मध तर वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नको. मधातल्या जंतूंच्या बीजांनी बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं.

पण सातवा लागला की मग एक आठवडाही टाळू नकोस. जन्माबरोबर आलेला लोहाचा साठा तोवर सरत येतो आणि दुधात लोह फार थोडं असतं. सहा ते आठ महिन्यांत दुधाशिवाय दिवसाला सुमारे 200 कॅलरी वरच्या अन्नातून जायला हव्यात, आणि तिथेच आपल्या घरांत हमखास चुकतं. वरणाचं पाणी, भाताची पेज, दुधात बुडवलेलं मारी बिस्कीट. पोट भरतं, हाती काही लागत नाही. बाळाचं पोट त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे जेमतेम 30 ग्रॅम मावेल एवढं, त्यात पाणी भरून काय उपयोग?

सुरुवात मऊ भाताने कर. दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा मूगडाळ, चिमूटभर हळद, वाटीभर पाणी, कुकरला पाच शिट्ट्या. मिक्सर लावू नकोस, भात चिकट होतो. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढ. वर अर्धा छोटा चमचा तूप. मीठ, साखर, गूळ काही नाही. आता चमचा भरून तिरका धर. घरंगळून ओघळलं तर पातळ आहे, आणखी भात घाल. चमच्याला धरून राहिलं आणि झटका दिल्यावर थबकन पडलं, की बरोबर.

नाचणीचं पीठ करायचं तर नाचणी 12 तास भिजव, फडक्यात बांधून दिवस-दीड दिवस मोड येऊ दे, सावलीत खडखडीत वाळव, मंद भाजून दळ. दमट राहिली तर बुरशी धरते, म्हणून थोडीच कर, पंधरा दिवस पुरेल एवढी. मोडाचा फायदा असा की लापशी कमी फुगते, त्याच वाटीत जास्त पीठ बसतं. एक मोठा चमचा पिठाला अर्धी वाटी पाणी, सात-आठ मिनिटं ढवळत शिजव.

पहिले दोन-तीन दिवस दिवसातून एकदा, सकाळी दहाच्या सुमारास, एक-दोन छोटे चमचे पुरेत. तेव्हा ना ती फार भुकेली असते ना झोपाळलेली, आणि काही पुरळ-उलटी झाली तर डॉक्टर भेटायची वेळ असते. मग हळूहळू दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या-नवव्या महिन्यात गुठळ्या राहू देत. फार दिवस गुळगुळीतच दिलं तर पुढे मुलं घास थुंकतात. अंगावरचं मात्र चालूच, दोन वर्षं.

लोहासाठी निव्वळ डाळीवर राहू नकोस. तुमच्याकडे अंडी-मासे चालतात, तेव्हा पूर्ण उकडलेलं अंडं, पापलेटचा तुकडा (काटा बोटांनी चाचपून, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस), शिजवून वाटलेला खिमा, हे सगळं सातव्यातच सुरू होऊ शकतं. दाण्याचं कूटही, पण अगदी मऊ वाटून लापशीत. अख्खा दाणा कधीच नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवस. डाळभातावर लिंबाचे चार थेंब पिळलेस तर लोह अंगी लागतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर लोहाचे थेंबही आहेत, आठवड्यातून दोनदा 1 मिली. लस द्यायला जाशील तेव्हा विचार. शी काळी झाली तर घाबरू नकोस.

घशात अडकल्यासारखं करून खोकली, लाल झाली, तर थांब. ती स्वतःच बाहेर काढते. आवाजच बंद झाला, ओठ निळसर दिसले, तर हातावर पालथी, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. नाही निघालं तर उताणी करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच दाब, मग पुन्हा थापा. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. सदानंदलाही हे आधीच करून दाखव.

उष्टावणाच्या दिवशी खीर हवीच असेल तर नैवेद्याची वेगळी कर, आणि ओवीसाठी तुझंच दूध घातलेला मऊ भात चांदीच्या वाटीत. मामाच्या मांडीवर बसेल, मामाने एक चमचा द्यायचा, आजी-आजोबांनी एकेक. पंधरा पाहुण्यांचे पंधरा चमचे नकोत. आणि चमच्याची कड आधी स्वतःच्या ओठावर फिरवून बघ, चांदीच्या नव्या चमच्यांना कधीकधी धार असते.

पुरणयंत्राची बारीक जाळी सोमवारी कुरियरने पाठवते. नाचणी तिकडेच घे.

तुझी,
आई