बोटीची आत्या

पुणे, सोमवार

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

काल पुतण्याची नवी गाडी घेऊन सारसबागेच्या गणपतीला गेलो होतो. चाकाखाली लिंबू आणि पुढे नारळ असा रीतसर सोहळा चालू असताना मला तुझी आणि माझगाव गोदीतल्या जलावतरणांची आठवण झाली.

नवी बोट पाण्यात सोडताना तिला नाव देण्याचा मान बहुधा एखाद्या स्त्रीला मिळतो, आणि गंमत अशी की तिने ती बोट बांधलेली नसते, ती चालवणारही नसते. इंग्रजीत तिला स्पॉन्सर म्हणतात. पण मराठीत ‘प्रायोजक’ म्हटले की गणपतीच्या मांडवावरचा फलक डोळ्यांपुढे येतो. मला विचारशील तर ती बोटीची आत्या. बाळाला वाढवते आई, पण बारशाला कानात नाव सांगण्याचा हक्क आत्याचाच!

तुमच्याच गोदीत १२ जानेवारी २०१७ रोजी तत्कालीन संरक्षण राज्यमंत्र्यांच्या पत्नी बीना भामरे यांनी ‘खांदेरी’ पाणबुडीचे नामकरण केले. १९६८ साली नौदलात आलेल्या जुन्या ‘खांदेरी’चेच ते नाव, म्हणजे आजीचे नाव नातीला ठेवले. विशाखापट्टणमला २६ जुलै २००९ रोजी ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीवर तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडला. विलायतेत शॅम्पेनची बाटली फोडतात, पण २०१४ मध्ये स्कॉटलंडमधल्या रोसाइथला राणी एलिझाबेथने आपल्याच नावाच्या विमानवाहू नौकेसाठी स्कॉटिश व्हिस्की वापरली. म्हणजे नारळाप्रमाणे तिकडेही स्थानिक जिन्नस चालतो. पूर्वी हे काम पुरुषही करीत. १७९७ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेवर मदिरा वाइनची बाटली एका कप्तानानेच फोडली होती. आणि ‘टायटॅनिक’चे तर नामकरणच झाले नव्हते, कारण तिच्या मालक ‘व्हाइट स्टार’ कंपनीत तशी प्रथाच नव्हती. त्यावरून अपशकुनाच्या कथा रचणाऱ्यांची मला कीव येते, कारण ‘ऑलिंपिक’ या तिच्या भगिनी नौकेलाही बारसे लाभले नव्हते, आणि ती मात्र चोवीस वर्षे फिरली.

मला अधिक भावते ते अमेरिकी नौदलाचे वळण. तिथे बाटली फुटली की आत्या मोकळी होत नाही. बोट आणि तिचे खलाशी यांच्याशी तिचे नाते पुढेही चालू राहते. २०१४ मध्ये ‘इलिनॉय’ पाणबुडीच्या कील-समारंभात, म्हणजे तिचा तळकणा बसवण्याच्या वेळी, मिशेल ओबामा यांची आद्याक्षरे पोलादाच्या पट्टीवर वेल्डिंगने कोरली गेली, आणि नामकरणाला त्या पुढल्या वर्षी पुन्हा आल्या. आपल्याकडे मात्र बातमीत अमक्यांच्या पत्नी एवढीच तिची ओळख येते, आणि दुसऱ्या दिवशी तीही पुसली जाते.

तू इतकी वर्षे गोदीत काढलीस, म्हणून विचारतो: एखादी आत्या आपली बोट पाहायला पुन्हा आलेली तुला आठवते का?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर