मान वळली की थांबायचं

सॅन दिएगो, कॅलिफोर्निया
सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, मामाने मालवणजवळच्या देवबागला पर्यटकांसाठी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या, घ्यायचं मनावर घेतलंय, तुमच्याकडे लोक हा धंदा कसा करतात ते जरा लिहून पाठव. फोनवर हे सगळं बोलून झालं नसतं, म्हणून पत्र. तुमचं वाचून झालं की मालवणला पाठवून द्या. गणपतीत मामाला श्वास घ्यायला फुरसत नसते, पण विसर्जन झालं की त्याने हे निवांत वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

इथला जो किनारा मी फोटोंत पाठवते तो ला होयाचा. सॅन दिएगो शहराचाच भाग आहे तो. वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन. मे-जूनमध्ये तेवढे सकाळी समुद्रावरून ढग येऊन बसतात आणि दुपारपर्यंत विरतात. एका अंगाला वाळूचा रुंद किनारा, दुसऱ्या अंगाला वालुकाश्माचे उभे कडे, आणि त्या कड्यांत लाटांनी कोरलेल्या सात गुहा. खडक सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा. काठापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळात खोल दरी सुरू होते. शहराने १९७० मध्ये इथला सहा हजार एकरांचा पट्टा सागरी उद्यान म्हणून राखून ठेवला आणि गुहांसमोरच्या भागात मासे धरायला, शंख-शिंपले उचलायला मनाई केली. इथे कयाकमधून जाणाऱ्याला जे दिसतं, ते या मनाईमुळे दिसतं. मामाने हे वाक्य दोनदा वाचावं.

आता सहलीबद्दल. इथल्या कयाक वरून सपाट असतात, म्हणजे आत पाय खुपसून बसायचं नाही, वर बसायचं. आत आलेलं पाणी खालच्या भोकांतून आपोआप निघून जातं, उलटली तरी बुडत नाही. दोघांची कयाक असेल तर वजनदार माणूस मागे. लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि गुहेत जायचं असेल तर हेल्मेटही. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच गाइड सगळ्यांना वल्हं कसं धरायचं, वळायचं कसं, उलटल्यावर पुन्हा वर कसं चढायचं हे करून दाखवतो. मग एकेक कयाक लाटेत सोडतात. नाक सरळ लाटेकडे ठेवायचं, आडवं झालं की उलटलंच. दोन लाटांच्या मधली वेळ साधून गाइड मागून ढकलतो आणि ओरडतो, मारा वल्ही! हे मी मामाला काय सांगणार, तो लहानपणापासून तेच करत आलाय. एक गाइड पुढे, एक शेवटच्या कयाकच्याही मागे. समुद्र जरा उसळता असला की गुहेत कोणालाही नेत नाहीत, कितीही पैसे भरलेले असोत. आणि सगळं शक्यतो सकाळी, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि नवखी माणसं परतीच्या वाटेवर दमतात. आपल्याकडेही खारं वारं दुपारीच सुटतं, तेव्हा हे जसंच्या तसं लागू.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हाच्या गाइड मुलीने निघण्याआधी एक नियम सांगितला होता. १९७२ पासून अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे. सील, सी लायन आणि डॉल्फिनपासून साधारण ४५ मीटर आणि देवमाशापासून ९० मीटर लांब राहा असं तिथलं सरकारी खातं सांगतं. पण पाण्यात बसून मीटर कोण मोजणार? म्हणून ती म्हणाली, प्राण्याकडे बघा. झोपलेल्याने मान उचलून तुमच्याकडे बघितलं, की तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबा, वल्हं आडवं ठेवा, हळूच मागे व्हा. तो स्वतः होऊन जवळ आला तर ती त्याची मर्जी.

त्यानंतर तिने जे दाखवलं ते मला एकटीला कधीच दिसलं नसतं. एक सी लायन पाण्यात आडवा पडून एक पंख हवेत उभा धरून तरंगत होता. आमच्यातल्या एकाला वाटलं जखमी आहे. ती म्हणाली, अजिबात नाही, त्या पातळ पंखातून तो अंगातली उष्णता कमी-जास्त करतो. सी लायनला बाहेरून दिसणारे छोटे कान असतात आणि तो चारही पंखांवर चालतो. सीलला नुसती कानाची भोकं असतात, तो पोटावर सरपटतो. एवढं कळल्यावर खडकावरची ती सगळी गर्दी एकदम निरनिराळी दिसायला लागली. खाली पाण्यात केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचं, जंगल, तळापासून वरपर्यंत उभं. हे शेवाळ अनुकूल पाण्यात एका दिवसात अर्ध्या मीटरहून जास्त वाढू शकतं. त्यात भगव्या रंगाचे गॅरिबाल्डी मासे, वरूनही झळकतात. नर खडकाचा एक तुकडा साफ करून घर तयार करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत तो एकटा राखण करतो, मोठ्या माशांनाही अंगावर धावून हाकलतो. १९९५ पासून हा कॅलिफोर्नियाचा राज्य सागरी मासा आहे. कड्यावर पाणकावळे आणि तपकिरी पेलिकन. पेलिकनची गोष्ट बाबांना आवडेल. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती, की आई उबवायला बसली की अंडं फुटायचं. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, आणि २००९ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. आता आमच्या डोक्यावरून रांगेने जातात.

सध्या, म्हणजे उन्हाळा संपता संपता, उथळ पाण्यात लेपर्ड शार्क येतात. अंगावर ठिपके, फार तर दीड मीटर लांब, माणसाला काही करत नाहीत. यातल्या बहुतेक माद्या आणि बहुतेक गाभण असतात. हे त्यातल्या त्यात ऊबदार उथळ पाणी त्यांना पोटातल्या पिल्लांच्या वाढीसाठी लागतं. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर पायाजवळून जातात. तिथे चालताना पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत न्यायचा, म्हणजे वाळूत दडलेली पाकटं, म्हणजे शेपटीला काटा असलेले चपटे मासे, आधीच सरकतात. मामाला हे नवीन नसणारच.

हे बघताना मला गुजरातच्या किनाऱ्याची आठवण झाली. वेरावळकडे व्हेल शार्कची किती शिकार व्हायची! यकृताचं तेल होड्यांना लावायला. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं. पण माणसं बदलली ती २००४ मध्ये मोहीम सुरू झाल्यावर, रामकथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं तेव्हा, की ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आली आहे. त्यानंतर जाळ्यात सापडलेली व्हेल शार्क सोडायला कोळी स्वतःचं जाळं कापायला लागले. अशा शेकडो सुटल्या. जाळ्याची किंमत काय असते हे आपल्या घरात मामामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मला ही गोष्ट ला होयातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

देवमासा मात्र इथेच जिवंत बघितला. कमाटीबागेतल्या म्युझियममधला तो भला मोठा सांगाडा आठवतो ना, १९४४ मध्ये महीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा? बडोद्याच्या आम्हा पोरांना देवमासा माहीत तो एवढाच, वरून टांगलेला, पांढरा, धूळ बसलेला. इथे हिवाळ्यात, डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत, करडे देवमासे आर्क्टिककडून मेक्सिकोच्या खाऱ्या सरोवरांकडे पिल्लं घालायला जातात आणि परत फिरतात. जाऊन-येऊन सोळा हजार किलोमीटरच्या वर. कड्यावरूनही त्यांचे फवारे दिसतात. शिकारीने जवळजवळ संपलेला हा प्राणी पुन्हा वाढला, १९९४ मध्ये अमेरिकेच्या धोक्याच्या यादीतून निघाला. पण २०१९ ते २०२३ मध्ये पुन्हा मोठ्या संख्येने मेला, कारण उत्तरेकडे त्याचं खाणं कमी पडलं. सांभाळलं म्हणजे कायमचं सुटलं असं होत नाही, हे मला इथे कळलं.

मुलांसाठी बांधलेल्या तलावाबद्दलही सांगायला हवं. १९३१ मध्ये एलन ब्राउनिंग स्क्रिप्स नावाच्या बाईंनी स्वतःच्या पैशांनी समुद्रात भिंत घालून दिली, मुलांना लाटांशिवाय पोहता यावं म्हणून. पुढे आत वाळू साठली आणि सील येऊन राहिले, तिथेच पिल्लं घालायला लागले. मग गाव दोन तट पडून वर्षानुवर्षं भांडलं, कोर्टात गेलं. एक म्हणे ही जागा मुलांची, दुसरा म्हणे आता सीलची. शेवटी १५ डिसेंबर ते १५ मे किनारा माणसांना बंद, बाकीचे महिने उघडा, असं ठरलं. दोन्ही बाजूंना खरं वाटणारं काहीतरी होतं, म्हणूनच इतकी वर्षं लागली. मला आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी आठवली. बाबा, थंडीत तुम्ही काळ्या घोड्याच्या पुलावर थांबून काठावर ऊन खात पडलेल्या मगरी दाखवायचात आणि सांगायचात, आपण वरून बघायचं, त्यांनी खाली राहायचं. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी आणि माणसं राहतात, २०२४ च्या पुरात त्या गल्ल्यांत आल्या तेव्हाही लोकांनी वन खात्याला आणि स्वयंसेवकांना बोलावून त्यांना सोडवलं. हे कुठून शिकून येत नाही. आपल्याकडे ही वृत्ती आहे.

म्हणून मामाला माझं सांगणं. गेल्या मे महिन्यात तारकर्लीला आपण डॉल्फिन बघायला गेलो होतो ते त्याला आठवत असेल. पाठीचा पंख दिसला रे दिसला, की चारी बाजूंनी मोटरच्या होड्या तिकडेच वळायच्या, डॉल्फिन बुडी मारायचे, पुन्हा पाठलाग. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचे हे कुबड असलेले डॉल्फिन उथळ पाण्यातलेच, किनारा सोडून फार लांब जात नाहीत. त्यांना पळून जायला दुसरं घरच नाही. कयाकला इंजिन नसतं, आवाज नसतो, पाठलाग करायची ताकदही नसते. मला वाटतं मामाच्या धंद्याचं सगळ्यात मोठं भांडवल हेच आहे, आणि त्याने जाहिरातही याचीच करावी. डॉल्फिन नक्की दाखवू असं वचन देऊ नये. पहाटे कर्ली खाडीतल्या कांदळवनातून घेऊन जाईन आणि जे दिसेल ते ओळखून सांगेन, असं म्हणावं. खंड्या, बगळे, घारी, भाग्यात असलं तर पाणमांजर. चिखलात खेकडा कुठल्या भोकात आहे, मासे कुठल्या भरतीला आत येतात, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कशी ओढतात, हे मामाइतकं कोणाला माहीत आहे? इथे माणसं खरे पैसे मोजतात ते अशा माहितीसाठी. प्लॅस्टिकची होडी कोणीही विकत आणेल.

रत्नागिरीतल्या वेळासला हेच झालंय ना. एके काळी कासवांची अंडी उचलून नेत, आता २००२ पासून गावकरी घरटी राखतात, आणि पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं तिथल्या घरांत राहतात, त्यांच्या हातचं जेवतात. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ मध्येच जाहीर झालं. म्हणजे मामाच्या दाराशी सगळं आहे.

त्याने घाई करू नये. पहिल्या मोसमात दोघांच्या चार कयाक पुरेत, आणि खाडीबाहेर समुद्रात कोणाला नेऊ नये. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचेही घ्यावेत; मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या खांद्यावरून वर सटकतं, त्याचा उपयोग नाही. आपल्या वाडीतली दोन पोरं घेऊन त्यांना पाण्यातून माणूस बाहेर काढणं आणि प्रथमोपचार शिकवावेत, त्याचा खर्च मी करीन. परवानगीची कामं त्याने आताच सुरू करावीत, पावसाळा संपला की पर्यटक येतीलच. मी जानेवारीत येते तेव्हा बडोद्याहून आपण सगळेच जाऊ, आजीलाही नेऊ. तिच्यासाठी मधल्या जागेवर टेकायला पाठ असलेलं आसन मिळतं, ते मी इथून आणते.

आईने विचारलेल्या थंड पाण्याच्या सूटबद्दल: त्याची तिथे काही गरज नाही, इथलं पाणी उन्हाळ्यातही गारच असतं, आपलं नसतं. बाबांनी मामाशी बोलून कर्लीच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या वेळी प्रवाह किती ओढतो ते लिहून पाठवावं, म्हणजे इथल्या गाइडना विचारून नवख्यांसाठी कुठल्या वेळा ठेवाव्यात हे मी पुढच्या पत्रात कळवते.

आजीला नमस्कार. छोटीला सांगा, गॅरिबाल्डीचे फोटो वेगळे पाठवते आहे.

तुमची,
ताई