साय दिसली म्हणून हेड उतरवू नका

संपादक महोदय,

पावसाळ्यात जुन्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, की काही गॅरेजवाले लगेच ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणून पाने काढतात. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट त्याच्या खालची सीलपट्टी; ती गेली तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये शिरू शकतं. पण पेठेतल्या पेठेत फिरणारं इंजिन नीट तापतच नाही. ती साय बहुधा नुसत्या वाफेची. कूलंट खरंच कमी होतंय का, ते आधी बघा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनाचा ड्रेन बोल्ट, म्हणजे तळाचा ऑइल काढायचा बोल्ट, हळूच सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड. आधी हिरवट पाणी ठिबकलं तर ऑइलमध्ये कूलंट गेल्याची शंका खरी. मग स्टार्टर मारू नका, बेअरिंगं जातील. डिझेलच्या वेट लायनर इंजिनात (जिथे सिलिंडरच्या नळीला, म्हणजे लायनरला, बाहेरून थेट कूलंट लागतं) तर लायनरच्या ओ-रिंगाही, म्हणजे रबरी कड्याही, गळतात. तिथे नवं गॅस्केट घालून काय होणार?

– एक निवृत्त मिस्त्री, नाना पेठ, पुणे