चित्र म्हणजे केवळ सजावट नव्हे

रविवारच्या पुरवणीतील इंग्लंडच्या लोखंडी पुलावरील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. पण पुलाच्या जुन्या चित्रांना त्यात ‘केवळ सजावट’ म्हटले आहे, ते मुळीच पटले नाही.

सेव्हर्न नदीवर कोलब्रुकडेलजवळ १७७९ मध्ये ओतीव लोखंडाची ही कमान उभी राहिली. गाळा सुमारे १०० फुटांचा, लोखंड सुमारे ३७८ टन. एवढे अवजड भाग नदीवर चढवले कसे, याचे समाधानकारक उत्तर दोनशे वर्षे मिळत नव्हते. ते मिळाले एलियास मार्टिन या स्वीडिश निसर्गचित्रकाराच्या छोट्या जलरंग रेखाटनातून. १९९७ मध्ये ते स्टॉकहोममध्ये सापडले. बांधकाम चालू असतानाचे या पुलाचे हे एकमेव ज्ञात चित्र. नदीपात्रात उभे केलेले लाकडी खांब आणि त्यांच्या आधाराने उचलून बसवलेल्या अर्धकमानी त्यात दिसतात. त्यावरूनच पुढे अभ्यासकांनी निम्म्या आकाराची प्रतिकृती उभारली आणि ही पद्धत शक्य असल्याचे दाखवून दिले.

पूर्ण झालेल्या पुलाची देखणी चित्रे अनेकांनी काढली. त्यांतून हे कळणे शक्यच नव्हते, कारण तोवर परांची उतरली होती!

आपल्याकडे कला महाविद्यालयांचे विद्यार्थी निसर्गचित्रणासाठी बहुधा घाट आणि मंदिरेच निवडतात. गावच्या ओढ्यावर चाललेले पुलाचे कामही त्यांनी जागेवर बसून रेखाटावे आणि जिल्हा ग्रंथालयांनी ती रेखाटने तारखेसह जपावीत.

– एक चित्रकला शिक्षक, मिरज